घड्याळजीचा पहिला खंड

दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चष्मेवाल्याला एक पोस्टकार्ड यायचं. त्यावर एकच ओळ असायची : "आपल्याकडील पहिला खंड विकायचा आहे काय?" खाली सही, आणि सहीखाली पट्टीने मारलेली रेघ. चष्मेवाला त्याच दिवशी उलट टपाली विचारायचा : "नाही. आपल्याकडील दुसरा?" आठवड्याने उत्तर यायचं : "नाही." की झाला वर्षभराचा पत्रव्यवहार. दोघांची घरं एकाच गावात, मध्ये चार गल्ल्या आणि एक भाजीबाजार. पण एकोणीस वर्षांत दोघे एकमेकांशी तोंडाने एक शब्द बोलले नव्हते. बाजारात समोरासमोर आले तर एक जण कांदे निवडायला लागायचा आणि दुसरा आभाळाकडे बघायचा.

भांडणाचं मूळ होतं एक घड्याळजी, आणि तो बिचारा कधीच देवाघरी गेला होता. दीडशे वर्षांपूर्वी त्याने घड्याळांचं दुकान सांभाळून, बावीस वर्षं खपून कुराणाचं भाषांतर केलं. इथल्या भाषेतलं ते पहिलं. दोन खंडांत छापलं, प्रती मुळातच थोड्या, त्यात छापखान्याचं गोदाम गळलं आणि बहुतेक प्रतींचा लगदा झाला. आता जगात तीन जोड उरले होते. त्यातले दोन दूरदेशीच्या ग्रंथालयांत कडीकुलपात होते, आणि तिसरा एकोणीस वर्षांपूर्वी इथल्या लिलावात आला. लिलाववाला असा, की जमलं असतं तर त्याने चपलेचा डावा-उजवाही वेगळा विकला असता. त्याने दोन खंडांना दोन नंबर दिले. पहिला खंड चष्मेवाल्याने जिंकला आणि आनंदाच्या भरात तो मटकन खाली बसला. उठून हात वर करेपर्यंत दुसऱ्या खंडावर हातोडा पडला होता, आणि मागच्या रांगेतून मोजणी खात्यातले एक उंच गृहस्थ सावकाश उठून पुस्तक घ्यायला निघाले होते. तेच मोजणीसाहेब. लोकांच्या बांधांची भांडणं त्यांनी आयुष्यभर साखळी टाकून सोडवली, पण स्वतःचं हे एक काही सोडवलं नाही.

चष्मेवाल्याचा संग्रह झोपायच्या खोलीत, काचेच्या उंच कपाटात होता. कुराणाची जुनी भाषांतरं, त्रेसष्ट. अकरा भाषांतली, पैकी त्याला येत होती एक. पण भाषा येण्याची त्याला गरजच वाटत नसे. कागद बोटांत धरून, शिवणीचे टाके मोजून आणि मुख्य म्हणजे वास घेऊन तो पुस्तकाचं दशक सांगायचा, आणि बहुधा बरोबर सांगायचा. पुस्तकात लिहिलंय काय असं कुणी विचारलं, की मात्र तो घड्याळाकडे बघायचा.

"गॅसवर दूध करपून कोळसा झालं तरी यांच्या नाकाला पत्ता नसतो," त्याची बायको पाहुण्यांना सांगायची, "आणि दोनशे वर्षांपूर्वीचा डिंक मात्र यांना दारातून येतो."

ती बोलायची ते सगळं खरं होतं. कपाटात ओलावा मोजायचं यंत्र होतं. त्याचा काटा हलला की खिडकी लागायची, मग बायकोला उकडो की गुदमरो.

घड्याळजीचा पहिला खंड मधल्या फळीवर, मऊ कापडात असायचा. त्याचं खरं मोल असं, की तो कुणी वाचलाच नव्हता. जुन्या काळी मोठा कागद छापायचे, त्याच्या घड्या घालून सोळा पृष्ठं करायचे आणि तशीच शिवायचे. घड्या वाचकाने घरी जाऊन सुरीने कापायच्या. या प्रतीच्या घड्या दीडशे वर्षांत कुणीही कापलेल्या नव्हत्या. सोळा पृष्ठांतली चार उघडून दिसत, बाकीची घडीच्या पोटात बंद. संग्राहकांच्या जगात अशी प्रत म्हणजे डोळ्यांत तेल घालून जपायची चीज. चष्मेवाला महिन्यातून एकदा कापड सोडायचा, खंड हुंगायचा आणि परत बांधून ठेवायचा.

या वर्षी पोस्टकार्ड आलं नाही.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. चष्मेवाला रोज टपालवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच गाठायला लागला. तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "गेले की काय हो ते?"

"छे, काहीतरीच," तो म्हणाला. पण म्हणताना त्याच्या मनात दुसरा खंड पहिल्या खंडाशेजारी जाऊन बसला होता. त्याची त्यालाच लाज वाटली. लाज वाटूनही त्याने संध्याकाळी मधल्या फळीवर थोडी जागा करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता दुकान बंद करायच्या वेळी त्याने मान वर केली, तर बाकावर मोजणीसाहेब बसलेले. मांडीवर कापडी पिशवी, कोटाच्या वरच्या खिशात नेहमीची पोलादी पट्टी. पुढची दोन गिऱ्हाइकं डोळे तपासून गेली, तोवर ते मुकाट्याने बसून होते.

"डोळे तपासायचेत," साहेब म्हणाले.

एकोणीस वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. चष्मेवाल्याने त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोरच्या तक्त्यावरचा दिवा लावला. साहेबांनी वरच्या मोठ्या अक्षरापासून सुरुवात केली ती थेट नवव्या ओळीपर्यंत, एक चूक नाही. नववी ओळ चष्मेवाल्याला स्वतःला चष्म्याशिवाय दिसत नसे. त्याला संशय आला. त्याने सहज म्हणून तक्ता उलटा केला. पाठीमागे दुसरी अक्षरं होती.

"आता वाचा."

साहेबांनी पुन्हा तीच अक्षरं, त्याच क्रमाने, त्याच रुबाबात म्हणून दाखवली.

चष्मेवाल्याने दिवा बंद केला. पुढची दोन गिऱ्हाइकं मोठ्याने वाचत होती आणि साहेब बाकावर बसून पाठ करत होते, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने त्यांच्या डोळ्यांत बॅटरी धरून बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची ओढून समोर बसला.

"मधलं काहीच दिसत नाही ना?"

"कडेकडेचं दिसतं," साहेब म्हणाले. "तुमचा कान दिसतोय. तोंड नाही. तसं तुमचं तोंड बघायला मी आलेलोही नाही."

"चष्म्याने हे व्हायचं नाही, साहेब."

"माहीत आहे. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हटलं, तुम्ही तरी खोटं बोलता का बघू." त्यांनी पिशवीत हात घातला. "येत्या रविवारी मुलगी न्यायला येतेय. मी आता तिच्या गावी. एकट्याने राहणं जमत नाही, परवा चहात मीठ घातलं. तेव्हा हे."

टेबलावर दुसरा खंड आला. चष्मेवाल्याने हात पुसले. त्याने पुस्तक उचललं, नाकाशी नेलं आणि त्याचा चेहराच उतरला. वास चहाचा होता. त्याने पानं उलगडली. ती भराभरा उलगडली. एकूण एक घडी कापलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा, एका पृष्ठावर कपाच्या बुडाचं गोल वर्तुळ.

"हे काय केलंत?"

"वाचलं."

"कधी कापलंत?"

"लिलावाच्या दिवशीच. घरी जाताना बसमध्ये. या पट्टीने."

"म्हणजे एकोणीस वर्षं मी कापलेल्या पुस्तकासाठी कार्डं टाकत होतो?"

"तुम्ही कुठे विचारलंत, कापलंय का म्हणून," साहेब म्हणाले. "आणि मी एकोणीस वर्षं अर्धंच पुस्तक वाचतोय त्याचं काय? हा घड्याळजी मोठा खट माणूस. दुसऱ्या खंडात जागोजागी तळटीप टाकून ठेवतो, 'पाहा : पहिला खंड'. कसा बघू? तो तुमच्या कपाटात."

मग त्यांनी अट सांगितली. दुसरा खंड तुमचा, आजपासून, कायमचा. बदल्यात पहिल्या खंडातली यूसुफची गोष्ट वाचून दाखवायची. भावांनी विहिरीत टाकलेला मुलगा, आणि त्याच्यासाठी रडून रडून डोळे गेलेला त्याचा बाप. पुढे त्या बापाला पुन्हा दिसायला लागतं म्हणतात. ते कसं, तेवढं ऐकायचं होतं.

"मग दुसरं कुठलंही भाषांतर घ्या की. माझ्याकडे त्रेसष्ट आहेत."

"तुम्ही वाचलीत ती?"

चष्मेवाल्याने घड्याळाकडे बघितलं.

"मी सगळी वाचली, मिळाली तेवढी," साहेब म्हणाले. "पण मला सवय घड्याळजीची. तो एकेक शब्द कसा चिमट्याने उचलून बसवतो. दुसऱ्या कुणाचं ऐकून माझं समाधान व्हायचं नाही. उद्या एकला येतो."

चष्मेवाला घरी आला तो दुसरा खंड छातीशी धरून, पण तोंड सुतकी. यूसुफची गोष्ट सतरा-अठरा पृष्ठांची. त्यातली डोळ्यांना दिसणारी मोजून पाच-सहा. बाकीची घडीच्या पोटात. कापायचं म्हणजे जगातली एकमेव न कापलेली प्रत आपल्या हाताने मारायची. न कापावं तर दुसरा खंड परत द्यावा लागणार. त्याला जेवण गेलं नाही. शेवटी त्याने स्वतःच्या अकलेला न शोभणारा एक तोडगा काढला.

पहाटे उठून तो खंड घेऊन टेबलाशी बसला. डोळ्यांत बघायची छोटी बॅटरी, दातांच्या डॉक्टर मित्राकडून पूर्वी कधीतरी आणलेला दांडीचा आरसा, आणि मान. घडी खालून उघडी असते. त्या फटीतून त्याने आरसा आत सारला आणि डोकं टेबलाखाली नेऊन वर बघायला लागला. अक्षरं उलटी दिसत. ती तो कागदावर सुलटी करून उतरवी. दोन तासांत दीड पृष्ठ झालं. पुढे शेवटाकडच्या घड्यांत डोकावला, तर आरशात पांढऱ्या उजेडाशिवाय काहीच येईना. तो दोष त्याने मानेच्या माथी मारला.

बायको चहा घेऊन आली तेव्हा टेबलाबाहेर त्याचे फक्त पाय होते.

"काय चाललंय?"

"वाचतोय," टेबलाखालून आवाज आला.

"लोक वाचतात तेव्हा तोंड वर असतं," ती म्हणाली आणि कप त्याच्या पायाशी ठेवून गेली.

दुपारी एकला साहेब खुर्चीत बसले आणि चष्मेवाल्याने वाचायला सुरुवात केली. पहिलं पृष्ठ उघडं होतं, ते झकास गेलं. मुलाने बापाला आपलं स्वप्न सांगितलं, भावांच्या पोटात दुखलं. मग आरशाने उतरवलेलं दीड पृष्ठ. त्यानंतर जी घडी आली तिच्यातलं काही निघालं नव्हतं, म्हणून चष्मेवाला तिथून सरळ पुढच्या उघड्या पृष्ठावर गेला.

"थांबा," साहेब म्हणाले. "पोरगं आत्ता विहिरीत होतं. राजाच्या अधिकाऱ्याच्या घरात कसं पोचलं?"

"काढलं असेल कुणीतरी."

"कुणीतरी? अहो, मी चाळीस वर्षं जमीन मोजलीय. मधली दोन एकर गिळलेली मला डोळे मिटून कळतात."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला तयारीनिशी आला. मधल्या जागा त्याने कपाटातल्या दुसऱ्या एका भाषांतरातून भरून काढल्या होत्या. त्यासाठी ते पहिल्यांदा उघडून वाचावं लागलं, आणि वाचता वाचता बायकोने दोनदा हाक मारलेली त्याला ऐकू आली नाही. त्याने सांधा इतका बेमालूम केला की त्याचा त्यालाच अभिमान वाटला. तीन वाक्यं झाली असतील नसतील.

"हे घड्याळजीचं नाही," साहेब म्हणाले.

"त्याचंच आहे. इथे लिहिलंय."

"घड्याळजी एका वाक्यात दोनदा 'आणि' घालत नाही. हा कुणी घाईतला माणूस आहे." त्यांनी चाचपडत कोटाचं बटण लावलं. त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच चष्मेवाल्याला जास्त लागलं. "न कापता वाचून दाखवताय ना? कळलं मला. राहू द्या. वस्तू तुमची. दुसरा खंडही ठेवा, मला आता त्याचा उपयोग काय. अर्धं तर अर्धं."

ते काठी टेकत गेले. दारात उंबऱ्याला अडखळले, पण मदतीला पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही.

दोन्ही खंड मिळाले होते. एकोणीस वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते झालं होतं. चष्मेवाल्याने घरी येऊन दोन्ही खंड मधल्या फळीवर शेजारी ठेवले आणि पलंगावर बसून बघत राहिला. एकीकडे कोरा करकरीत खंड, दुसरीकडे चहाचे डाग पडलेला. त्याला वाटलं होतं तसलं काही होईना.

"झालं मनासारखं?" बायकोने विचारलं.

"आजोबांची आठवण येतेय," तो म्हणाला.

त्याचे आजोबा रोज पहाटे मूळ अरबीतून पठण करायचे. अक्षर न् अक्षर पाठ, पण अर्थ त्यांना येत नव्हता. सात वर्षांचा असताना त्याने विचारलं होतं, याचा अर्थ काय? आजोबा म्हणाले होते, मला कुणी शिकवलं नाही रे. तू मोठा झालास की शोध आणि मला सांग. तो मोठा झाला, पहिल्या कमाईतून एक भाषांतर घेतलं, तोवर आजोबा गेले होते. मग त्याहून जुनं घेतलं, मग त्याहून दुर्मीळ. सांगायचं राहिलं ते राहिलंच. हे त्याने बायकोला लग्नाच्या नव्या नवलाईत एकदा सांगितलं होतं, आणि ती विसरलेली नव्हती.

"तुम्हाला कुणीतरी सांगा म्हणतंय," ती म्हणाली, "आणि तुम्ही टेबलाखाली जाऊन बसलाय."

शनिवारी सकाळी त्याने दुकान उघडलंच नाही. खंड कापडात गुंडाळून तो चार गल्ल्या आणि भाजीबाजार ओलांडून साहेबांच्या घरी गेला. घरात सामान बांधलेलं होतं, भिंतींवर काढलेल्या नकाशांच्या चौकोनी खुणा. साहेब खिडकीशी एका पेटीवर बसले होते.

"तुमची पट्टी द्या," चष्मेवाला म्हणाला.

साहेबांनी तोंड त्याच्याकडे वळवलं, कानाकडे बघावं तसं. "द्यायची नाही," ते म्हणाले. "तुम्ही वाकडं कापाल. पुस्तक धरा, मी कापतो."

चष्मेवाल्याने पुस्तक धरलं. साहेबांनी बोटाने घडी शोधली, पट्टी आत सारली आणि एका दमात ओढली. दीडशे वर्षांचा कागद हलकासा आवाज करून सुटला. चष्मेवाल्याने डोळे गच्च मिटले होते, पण रेघ सुतासारखी सरळ आली. पहिल्या घडीला त्याचे हात पुस्तक मागे ओढू लागले, दुसरीला थोडे कमी, आणि चौथ्या घडीपर्यंत यूसुफ विहिरीतून निघून कुणाच्या हाती लागला हे त्यालाच इतकं कळायला हवं होतं की तो म्हणाला, "आवरा लवकर."

तो वाचत गेला. घड्याळजी खरोखरच एकेक शब्द चिमट्याने उचलून बसवत होता. मुलगा तुरुंगात गेला, सुटला, मोठ्या पदाला चढला. दुष्काळात भाऊ धान्य मागायला त्याच्याच दारी आले. तिकडे बाप रडून आंधळा झाला. शेवटी यूसुफने भावांना आपली ओळख दिली. साहेब पेटीवर पुढे सरकून बसले होते.

"आता डोळ्यांचं येईल," ते म्हणाले, आणि पुढची घडी कापली.

चष्मेवाल्याने पान उलटलं. मग मागे गेला, पुन्हा पुढे आला. खिडकीच्या उजेडात धरलं.

"काय झालं?"

खोटं बोलायला त्याला एक क्षण पुरला असता. रात्रभर जागून नव्हे, तर चार दिवस त्या एकाच गोष्टीत राहून त्याला पुढचं आता पाठ झालं होतं. घड्याळजीसारखं 'आणि' टाळूनही बोलता आलं असतं.

"साहेब, पान कोरं आहे."

"कोरं म्हणजे?"

"छापलेलंच नाही. हा कागद छापखान्यात एकाच बाजूने छापला गेलाय. जी पृष्ठं न कापता दिसतात ती सगळी छापलेल्या बाजूची. आतलं निम्मं कोरं. म्हणून आरशात मला नुसतं पांढरं दिसत होतं." त्याने पुस्तक मांडीवर ठेवलं. "एकोणीस वर्षं मी हे जपलं. खिडकी बंद करून बायकोला उकडवलं. फुटका माल, साहेब."

साहेबांनी कोऱ्या पानावरून बोट फिरवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. चष्मेवाला घाबरला, आणि मग त्याला कळलं की ते हसतायत. हसता हसता त्यांच्या त्या निकामी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चष्मेवाल्यालाही राहवेना. दोन म्हातारे बांधलेल्या सामानात बसून पोटं धरून हसत होते, आणि एकाच्या हातात पोलादी पट्टी होती.

"मग आता?" साहेबांनी डोळे पुसत विचारलं. "बापाचं काय झालं? तुम्हीच सांगा."

चष्मेवाल्याने पुस्तक मिटलं. घसा साफ केला. आजोबांसमोर बसलेला असतानाही त्याला इतकी भीती वाटली नव्हती.

"यूसुफने आपला सदरा काढून भावांजवळ दिला," तो म्हणाला. "सांगितलं, हा न्या आणि बाबांच्या तोंडावर टाका. तांडा निघाला. अजून घर लांब आहे. पण इकडे घरी बसून म्हातारा म्हणतो, मला माझ्या पोराचा वास येतोय. आजूबाजूचे म्हणाले, झालं यांचं परत सुरू. इतकी वर्षं झाली, अजून तेच. म्हातारा नाक वर करून वास घेत बसला."

"मग?"

"मग सांगावा घेऊन माणूस पोचला. त्याने सदरा बापाच्या तोंडावर टाकला. आणि त्यांना दिसायला लागलं. आणि ते म्हणाले, मी तुम्हाला सांगत नव्हतो?"

खिडकीबाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. साहेबांनी पट्टी कोटाला पुसली.

"हे घड्याळजीचं नाही," ते म्हणाले.

"नाही."

"तीनदा 'आणि' आलं."

"हो. हे माझं आहे."

साहेबांनी बोटाने पुढची घडी चाचपून शोधली आणि पट्टी चष्मेवाल्याच्या हातात दिली.

"चालेल," ते म्हणाले. "ही तुम्ही कापा."